श्रीलंकेतील यादवी युद्ध

श्रीलंकेचे सरकार आणि बेटाच्या उत्तर व पूर्व भागांत ‘तमिळ ईलम’ हे स्वतंत्र राष्ट्र मागणाऱ्या संघटना, मुख्यतः लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम (लिट्टे), यांच्यातील सशस्त्र संघर्ष (जुलै १९८३ ते मे २००९). संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्यात ८० हजार ते १ लाख माणसे मारली गेली.

पार्श्वभूमी : या युद्धाला दोन हजार वर्षांच्या सिंहली-तमिळ वैराचा शेवटचा अध्याय म्हणण्याची पद्धत दोन्ही बाजूंच्या प्रचारकांनी रूढ केली. तिला इतिहासाचा आधार थोडाच आहे. कँडीच्या सिंहली गादीवरचे अखेरचे राजे दक्षिण भारतातून आलेल्या नायक्कर घराण्याचे होते, आणि बौद्ध विहारांचे आश्रयदाते म्हणून प्रजेने त्यांना मानले होते. १९१५ ची मोठी दंगल सिंहली व मुसलमान यांच्यातली होती, तमिळांशी तिचा संबंध नव्हता. १९८१ च्या जनगणनेत सिंहली सुमारे ७४ टक्के, श्रीलंकन तमिळ साडेबारा टक्क्यांच्या आसपास, मुसलमान ७ टक्के आणि चहामळ्यांवर राबणारे भारतीय वंशाचे तमिळ साडेपाच टक्के होते. मळ्यांवरील तमिळांचे नागरिकत्व स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या कायद्याने, काढून घेण्यात आले. दोन्ही देशांच्या पंतप्रधानांमधील १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात त्यांपैकी सव्वापाच लाख लोक भारताने आणि ३ लाख श्रीलंकेने घ्यायचे ठरले. त्या माणसांचे मत कोणी विचारले नाही.

कारणे : जाफना द्वीपकल्पात बारमाही नदी नाही आणि शेती विहिरींवर चालते. मिशनऱ्यांच्या शाळांमुळे इंग्रजी मात्र लवकर आले. त्यामुळे सरकारी नोकरी हेच तिथल्या मध्यमवर्गाचे शेत झाले. १९५६ मध्ये सॉलोमन बंदरनायके यांच्या सरकारने सिंहली ही एकमेव राजभाषा केली तेव्हा घाव नेमका तिथे बसला. पुढे विद्यापीठ प्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. १९७१ मध्ये वैद्यकीय शाखेसाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला २५० गुण लागत, तर सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्याला २२९ पुरत. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. पूर्वेकडे सरकारी पाटबंधारे योजनांवर सिंहली शेतकरी वसवले जात होते. आपल्याच भागात अल्पसंख्य होण्याची भीती तिथल्या तमिळांत त्यातून घर करून राहिली.

तक्रारी असलेल्या प्रत्येक देशात युद्ध होत नाही. श्रीलंकेत ते का झाले, याचे उत्तर मोडलेल्या तडजोडींत अधिक सापडते. १९५७ मध्ये बंदरनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांनी प्रादेशिक मंडळे व तमिळ भाषेचा वापर यांवर करार केला. विरोधी युनायटेड नॅशनल पार्टीचे ज्युनियस जयवर्धने यांनी त्याविरुद्ध कँडीकडे मोर्चा काढला. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरासमोर ठाण मांडल्यावर बंदरनायक्यांनी करार रद्द केला. महिन्याभरात दंगली उसळल्या आणि पुढच्या वर्षी एका भिक्खूनेच त्यांना गोळ्या घातल्या. १९६५ मध्ये युनायटेड नॅशनल पार्टीच्या डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी तसाच समझोता केला, तेव्हा रस्त्यावर उतरण्याची पाळी बंदरनायक्यांच्या पक्षाची होती. १९९० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा यांचा सत्ताविभाजनाचा मसुदाही याच रीतीने अडला. सिंहली मतांसाठी दोन पक्षांत चढाओढ होती. सत्तेत असताना एकाने तमिळांशी जे कबूल करायचे, ते दुसऱ्याने बाहेरून हाणून पाडायचे, हा परिपाठच पडला. याची सर्वांत मोठी किंमत मोजली ती तमिळांमधल्या मवाळांनी. दर मोडलेल्या करारागणिक तरुणांपुढे त्यांची पत खालावत गेली.

दारिद्र्याचा सिद्धान्त इथे नीट बसत नाही. साक्षरता आणि सार्वजनिक आरोग्य यांत श्रीलंका शेजाऱ्यांच्या पुढे होती. शिकलेल्यांना काम देण्याइतकी अर्थव्यवस्था मात्र वाढली नव्हती. जनता विमुक्ती पेरामुना (जेव्हीपी) या सिंहली तरुणांच्या संघटनेने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७-८९ मध्ये बंड केले. दुसरे बंड दडपताना दक्षिणेत हजारो सिंहली मुले बेपत्ता झाली. या संघर्षाला केवळ वांशिक ठरवणारे लेखन हा भाग हमखास गाळते.

घटनाक्रम : वेलुपिल्लै प्रभाकरन याने १९७५ मध्ये जाफन्याचे महापौर आल्फ्रेड दुरैयप्पा यांची हत्या केली. पुढच्याच वर्षी त्याने लिट्टेची स्थापना केली आणि चेल्वनायकम यांच्या मवाळ पक्षासह तमिळ पक्षांच्या आघाडीनेही वट्टुकोट्टै येथे स्वतंत्र राष्ट्राचा ठराव केला. १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. त्यात सुमारे ९७ हजार ग्रंथ व हस्तलिखिते गेली. डिसेंबर १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी निवडणुकीऐवजी सार्वमत घेऊन संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवली, म्हणजे असंतोषाला मतपेटीची वाटही उरली नाही.

२३ जुलै १९८३ रोजी जाफन्याजवळ लिट्टेच्या हल्ल्यात १३ सैनिक ठार झाले. त्यानंतरचा आठवडा ‘काळा जुलै’ म्हणून ओळखला जातो. कोलंबोत जमावांच्या हाती मतदारयाद्या होत्या. तमिळांची घरे आणि दुकाने निवडून जाळली गेली. वेलिकडा तुरुंगात दोन हल्ल्यांत ५३ तमिळ कैदी मारले गेले. मृतांचा सरकारी आकडा चारशेच्या आसपास, तर इतर अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. राष्ट्राध्यक्ष चार दिवस गप्प होते. बोलले तेव्हा बळींसाठी सांत्वनाचा शब्द त्यांच्या भाषणात नव्हता. ऑगस्टमधील घटनादुरुस्तीने खासदारांवर फुटीरतेविरुद्ध शपथ बंधनकारक केली आणि ती नाकारणारे तमिळ खासदार संसदेबाहेर गेले. बंडखोर संघटनांकडे तरुणांची रीघ लागली ती यानंतर.

भारताने आधी या संघटनांना शस्त्रे व प्रशिक्षण दिले आणि जुलै १९८७ च्या राजीव गांधी-जयवर्धने करारानंतर शांतिसेना पाठवली. काही आठवड्यांतच ती लिट्टेशी लढू लागली. मार्च १९९० मध्ये ती परतली तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान मरण पावले होते. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतील, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. राजीव गांधी (१९९१) आणि राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा (१९९३) लिट्टेच्या आत्मघाती हल्ल्यांत मारले गेले. नॉर्वेच्या मध्यस्थीने २००२ मध्ये झालेली शस्त्रसंधी कागदावर २००८ पर्यंत टिकली. मे २००९ मध्ये मुल्लैतीवूजवळच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर, लाखो नागरिक मध्ये अडकलेले असताना, लष्कराने लिट्टेचा पाडाव केला. त्या अखेरच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०११ मध्ये नोंदवले.

समाजावरील परिणाम : तमिळ समाजातला मधला आवाज दोन्हीकडून मारला गेला. आधी त्याला संसदेबाहेर काढले गेले, मग लिट्टेने संपवले. ज्येष्ठ संसदपटू अमिर्तलिंगम (१९८९) आणि घटनातज्ज्ञ नीलन तिरुचेल्वम (१९९९) हे लिट्टेचे बळी. प्रतिस्पर्धी तमिळ संघटनांचे शेकडो कार्यकर्तेही तिने मारले. घराघरांतून मुले उचलून हाती बंदूक देण्याची तिची सक्ती तमिळ आईबापांनीच सोसली.

ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातून सुमारे ७० हजार मुसलमानांना हाकलले. जाफना शहरात त्यांना निघायला दोन तास मिळाले. त्यांची मातृभाषा तमिळच होती. पुत्तलमच्या छावण्यांत त्यांची एक अख्खी पिढी वाढली. परतलेल्यांना आपल्या जमिनीवर दुसऱ्यांचे कब्जे आढळले. शांततेच्या चर्चांत हा समाज बहुधा मोजलाच गेला नाही.

उत्तरेत स्त्रियांनी चालवलेली कुटुंबे हजारोंनी आहेत. बेपत्ता नवरा मेल्याचा दाखला घेतला तर तो हयात असल्याची आशा सोडल्यासारखे होते, न घेतला तर नुकसानभरपाई अडते. फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्चीत बेपत्तांच्या आयांनी धरणे धरले. बेपत्तांसाठी सरकारने कार्यालय काढले, पण त्यावर त्यांचा भरवसा बसला नाही.

जाफन्याचा शिकलेला वर्ग टोरोंटो, लंडन, पॅरिसला गेला. तिथून येणाऱ्या पैशावर गावातली घरे उभी राहिली आणि काही काळ लिट्टेचा खजिनाही भरला. दक्षिणेतला परिणाम वेगळा होता. कोरडवाहू भागातल्या सिंहली खेड्यांत सैन्याची नोकरी हीच खात्रीची मिळकत बनली आणि शहीद मुलाच्या भरपाईतून पक्के घर बांधले गेले. युद्ध संपल्यावरही फौज मोठीच राहण्यामागे सुरक्षेइतकेच हे पोटाचे कारण आहे. दहशतवादविरोधी १९७९ चा ‘तात्पुरता’ कायदा युद्धानंतरही चालू राहिला आणि २०२२ च्या आर्थिक पडझडीत आंदोलन करणाऱ्या सिंहली विद्यार्थी नेत्यांवरही तो वापरला गेला.

१९८७ च्या करारातून आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा दिल्या. उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक २०१३ मध्ये झाली. तिची मुदत २०१८ मध्ये संपली आणि २०२४ अखेरपर्यंत दुसरी निवडणूक घेण्यात आली नव्हती. दुरुस्तीत लिहिलेले पोलीस व जमीन यांवरचे अधिकार तिच्याकडे कधीच आले नाहीत.