माधुकरी, वार आणि वसतिगृह

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये आणि त्यालगतच्या गोलबाजार परिसरात जी मराठी वस्ती आढळते, तिची पाळेमुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी गढा-मंडला प्रदेश ताब्यात घेतला त्या काळापर्यंत जातात. पुढे 1861 मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली, 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे दोन लोहमार्ग जबलपुरात येऊन मिळाले, आणि कचेरी, न्यायालय, शाळा व रेल्वे यांतील नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. ही कुटुंबे ज्या समाजातून आली, त्या समाजात निर्धन मुलाच्या शिक्षणाचा भार अनेक घरांनी वाटून घेण्याची जुनी रीत होती. या रीतीतून आधुनिक शिक्षणसंस्था कशा उभ्या राहिल्या आणि मदत घेऊन शिकलेल्यांनी त्यात कोणता बदल घडवला, हा मराठी सामाजिक इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

या रीतीची दोन रूपे होती. माधुकरी म्हणजे विद्यार्थ्याने झोळी घेऊन ठरावीक घरी जाणे आणि तेथून शिजवलेले अन्न घेऊन येणे. वार लावणे म्हणजे आठवड्यातील एकेका दिवसाचे जेवण एकेका घरी बांधून घेणे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरी जेवणे. खेड्यातून शहरात आलेला, वडिलांचे छत्र हरपलेला मुलगा या आधारावर इंग्रजी शाळेत टिकू शकत असे, आणि एकोणिसाव्या शतकातील अनेक शिक्षक, वकील व कारकून याच मार्गाने घडले. या रीतीचे मोल मोठे आहे, कारण स्वतःची मिळकत बेताची असलेल्या घरांनीही आपल्या पानातला घास काढून दिला. तथापि तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत. वार लावून जेवणाऱ्या मुलाला यजमानाची मर्जी सांभाळावी लागे, एखादा वार सुटला तर त्या दिवशी उपाशी राहावे लागे. आणि मुख्य म्हणजे, सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांमुळे हा आधार प्रायः ब्राह्मण मुलांपुरताच उरला. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुले यांच्यासाठी कोणत्याही घरी वार नव्हता.

घरोघरच्या दयेऐवजी संस्थेचा आश्रय द्यावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दृढ झाली. जबलपुरात शिक्षणप्रसारासाठी हितकारिणी सभा 1868 मध्येच स्थापन झाली होती. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1909 मध्ये त्याच शहरात अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले, जे आज पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखले जाते. कर्व्यांच्या आश्रमात शिकलेल्या पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. तरुणपणी वैधव्य आलेल्या या बाईंनी शिक्षण घेतल्यानंतर आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे काम पत्करले, गावोगाव हिंडून व्याख्याने दिली आणि त्याच कार्यासाठी अमेरिकेपर्यंत प्रवास केला. ज्या संस्थेने सावरले तिच्यासाठी दारोदार फिरताना त्यांनी मागण्यातला दीनपणा काढून टाकला.

मदत घेणाऱ्याने मदतीचे स्वरूपच बदलणे, हीच या इतिहासातील खरी परतफेड होय. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला उपस्थित राहिल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. बोर्डिंग म्हणजे विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय असलेले वसतिगृह. त्या काळी कोल्हापुरातील बहुतेक बोर्डिंगे एकेका जातीसाठी किंवा धर्मासाठी स्वतंत्र होती. पुढे 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह उघडले, त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत, स्वतः स्वयंपाक करत आणि शेतात राबत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. श्रम करून शिकणारा मुलगा कोणाचाही मिंधा राहत नाही, ही त्यामागची दृष्टी होती आणि माधुकरीतील उणिवेला ते नेमके उत्तर होते.

डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या बाबतीत हे आणखी प्रकर्षाने दिसते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा 25 रुपये दिले आणि 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे ते 1917 मध्ये बडोद्यास नोकरीसाठी रुजू झाले, परंतु तेथे त्यांना राहण्यास जागाही मिळाली नाही, म्हणजे अट पाळण्याची वाट समाजानेच बंद केली. बहिष्कृत हितकारिणी सभा (1924) आणि तिने 1925 मध्ये सोलापुरात उघडलेले वसतिगृह, तसेच पीपल्स एज्युकेशन सोसायटी (1945) आणि तिचे मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालय (1946) यांच्या रूपाने त्यांनी ते ऋण बडोद्याच्या तिजोरीऐवजी मागे राहिलेल्या मुलांकडे वळवले. या निवडीला इतिहासात मोठे स्थान दिले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रवाह थांबला नाही. पुण्यात 1955 मध्ये सुरू झालेली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण विद्यार्थ्यांना वसतिगृहाचा आधार देत आली असून तिच्या कार्यात माजी विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले, लहानपणीच वडील गमावलेले आणि गिरगावातील शाळेत अनवाणी जाणारे शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या दरमहा 60 रुपयांच्या शिष्यवृत्तीवर शिकले. पुढे सर्वसामान्यांना परवडणाऱ्या संशोधनासाठी त्यांनी आपल्या आईच्या, अंजनीबाईंच्या, नावाने पुरस्कार सुरू केला.

वाराचा इतिहास सरकारी दफ्तरात सापडत नाही, तो घरच्या जमाखर्चात, वर्गणीच्या पावत्यांत आणि शिकून मोठ्या झालेल्या मुलांच्या पत्रांत असतो. राइट टाउन आणि गोलबाजारातील ज्या जुन्या मराठी घरांत असे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत.