चित्रनलिकेच्या काचेला वाली कोण?

शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत एखादा जुना संगणक ‘निर्लेखित’ झाला, की कागदावरून तो नाहीसा होतो. प्रत्यक्षात तो कोठे ना कोठे असतोच. भंगारवाल्याकडे गेला तर त्यातील तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम यांना गिऱ्हाईक असते, आणि ज्याला गिऱ्हाईक असते त्याची काळजी बाजार घेतो. प्रश्न उरतो तो ज्याला कोणी विचारीत नाही अशा भागाचा. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा विषय निघाला की बहुधा सोन्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. जपानने २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांकडून सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे गोळा केली आणि त्यांतून निघालेल्या ३२ किलो सोन्यातून टोकियो ऑलिंपिकची सुवर्णपदके घडवली. ही गोष्ट खरी आहे, वर्गात सांगण्याजोगीही आहे. परंतु सोने कोणीही काढील. आपण येथे पाहणार आहोत तो इतिहास सोन्याचा नव्हे, काचेचा आहे. जुन्या मॉनिटरमधील आणि दूरचित्रवाणी संचातील पिक्चर ट्यूबच्या, म्हणजे चित्रनलिकेच्या काचेचा.

कार्ल फर्डिनंड ब्राउन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ही नळी प्रथम बनवली. निर्वात नळीच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन सोडायचे, विद्युतदाबाने त्यांना वेग द्यायचा आणि दुसऱ्या टोकाच्या पडद्यावरील प्रकाशमान लेपावर त्यांचा मारा करायचा, एवढीच मूळ कल्पना. रंगीत चित्रासाठी हा दाब २५ हजार व्होल्टच्या आसपास न्यावा लागतो. आता वेगवान इलेक्ट्रॉन एकदम अडवले की काय होते? क्ष-किरण निर्माण होतात. रंटगेनला १८९५ मध्ये त्यांचा शोध लागला तो अशाच निर्वात नळीवर प्रयोग करताना. म्हणजे आपल्या दिवाणखान्यात असलेला दूरचित्रवाणी संच हे तत्त्वतः क्ष-किरणांचे एक लहानसे यंत्रच होते.

ही भीती केवळ पुस्तकी नव्हती. अमेरिकेत १९६७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले. दोष चित्रनलिकेत नव्हता, विद्युतदाब नियंत्रित करणाऱ्या दुसऱ्याच एका निर्वात नळीत होता. पण गवगवा झाला आणि १९६८ मध्ये तेथे किरणोत्सर्गाविषयी कायदा झाला. संचापासून ५ सेंटिमीटर अंतरावर तासाला अर्ध्या मिलिरंटगेनपेक्षा अधिक क्ष-किरण असता कामा नयेत, अशी मर्यादा ठरली. ती पाळण्याचा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग काच बनवणाऱ्यांना ठाऊक होता, तो म्हणजे शिसे.

चित्रनलिकेची काच एकसारखी नसते. समोरचा जाड पडदा, त्यामागचे नरसाळे आणि शेवटची बारीक मान असे तिचे भाग वेगवेगळ्या काचेचे असतात. नरसाळ्याच्या काचेत वजनाने २२ ते २५ टक्के शिशाचे ऑक्साइड असते, मानेत त्याहून जास्त. पडद्यात मात्र शिसे टाळावे लागते, कारण इलेक्ट्रॉनांच्या सततच्या माऱ्याने शिशाची काच तपकिरी पडते. तेथे बेरियम व स्ट्राँशियम यांची ऑक्साइडे तेच काम करतात. पडदा आणि नरसाळे ज्या सांध्याने जोडलेले असतात, त्या सांध्याची काच तर बहुतांशी शिशाचीच. अशा रीतीने एका रंगीत मॉनिटरमध्ये दोनेक किलो शिसे सहज जमते. ते तेथे निष्काळजीपणाने आलेले नाही. समोर बसणाऱ्याच्या रक्षणासाठी विचारपूर्वक घातलेले आहे. घालताना विचार झाला तो संच चालू असतानाचा. बंद पडल्यानंतरचा झाला नाही.

काचेत बांधलेले शिसे बाहेर येते का, हा प्रश्न रास्त आहे. सिलिकाच्या जाळ्यात ते चांगले घट्ट धरलेले असते. अखंड नळी टेबलावर ठेवली तर कोणाला काही अपाय नाही, हे विद्यार्थ्यांना निःशंकपणे सांगावे. काच फुटली की पृष्ठभाग वाढतो आणि गोष्ट बदलते. अमेरिकेत एक ठरावीक चाचणी आहे: कचऱ्याचे बारीक तुकडे करायचे, व्हिनेगरमध्ये असते त्या ॲसेटिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ते सुमारे १८ तास घोळवायचे आणि द्रावणात किती धातू उतरला ते मोजायचे. कचरा डेपोच्या पोटात कुजण्यातून तयार होणाऱ्या आम्लाची ही नक्कल. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चित्रनलिकांची ही चाचणी केली. लिटरला ५ मिलिग्रॅम ही मर्यादा. सरासरी भरली १८.५. कृष्णधवल नळ्या मर्यादेत राहिल्या, रंगीत नळ्यांपैकी बहुसंख्य नापास झाल्या. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने चित्रनलिका कचरा डेपोत टाकण्यास बंदी केली. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायदा करून २००५ पासून नव्या पडद्याच्या खरेदीवरच आकारानुसार ६ ते १० डॉलर शुल्क लावले, आणि त्या पैशांतून जुने पडदे गोळा होऊ लागले.

तेव्हा यावर एक उत्तर होते, आणि ते इतके सुबक होते की आजही त्याचे कौतुक वाटते. जुनी नळी कापून पडदा आणि नरसाळे वेगळे करायचे. त्यासाठी सांध्यावर तापलेली तार फिरवतात किंवा हिऱ्याची करवत चालवतात. मग लेप शोषून काढायचा आणि काच धुऊन पुन्हा चित्रनलिकेच्या काचभट्टीत टाकायची. जुन्या काचेमुळे भट्टीला ऊर्जा कमी लागते, नवे शिसे खणावे लागत नाही, आणि विषारी द्रव्य पुन्हा त्याच कामाला लागते. एकच अट होती. जगात कोणीतरी नव्या चित्रनलिका बनवीत असला पाहिजे.

कापणे, धुणे, वर्गवारी करणे याला मजुरी पडते. म्हणून श्रीमंत देशांतले कितीतरी मॉनिटर ‘पुनर्चक्रणासाठी’ जहाजावर चढत आणि आशियात उतरत. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरील बाझल करार १९८९ मध्ये झाला होता आणि १९९२ पासून अमलात होता. भारत त्यात १९९२ मध्येच सामील झाला, अमेरिकेने सही करूनही अद्याप मान्यता दिलेली नाही. बाझल ॲक्शन नेटवर्क आणि सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअॅलिशन या संस्थांनी फेब्रुवारी २००२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील ग्वीयू या गावात काय चालले आहे ते त्यामुळे जगाला दिसले. तेथे मॉनिटर फोडले जात ते मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यासाठी. वेटोळे घेतले की काच कालव्याच्या काठी फेकलेली. शेजारी कोळशाच्या शेगड्यांवर सर्किट बोर्ड तापवून त्यांवरील सोल्डर वितळवले जाई. त्या काळच्या सोल्डरमध्ये एक तृतीयांशाहून अधिक शिसेच. पुढे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्वीयूच्या १६५ लहान मुलांच्या रक्तातील शिसे मोजले गेले. डेसिलिटरला सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम. शेजारच्या, हा धंदा नसलेल्या गावात ९.९. दोन्ही आकडे वाईटच आहेत. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही. हे शिसे एकट्या काचेतून आलेले नव्हते, हे मात्र नमूद केले पाहिजे.

भारतात याच सुमारास थोडे निराळे चित्र होते. दिल्लीच्या भंगार बाजारांत चालू स्थितीतल्या चित्रनलिकांची मान कापून, नवी इलेक्ट्रॉन बंदूक बसवून, हवा काढून त्या पुन्हा वापरात येत. परदेशी मॉनिटरच्या नळीतून स्वस्त देशी दूरचित्रवाणी संच तयार होई. कारागिरांच्या आरोग्याचा प्रश्न होताच, पण नळीला दुसरा जन्म देणाऱ्या या कौशल्याला ‘असंघटित’ एवढाच शिक्का मारून सोडून देणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. शाळांशी थेट संबंध असलेली एक वाटही होती. शैक्षणिक संस्थांना देणगी म्हणून जुने संगणक परदेशातून आणण्याची मुभा होती. देणगी आणि कचरा यांतली रेघ किती पुसट असते, ते ध्यानात आल्यावर २०१० मध्ये ती काढून घेण्यात आली.

तोवर मूळ अटच मोडत आली होती. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगात प्रथमच चित्रनलिकेच्या संचांपेक्षा सपाट एलसीडी संच जास्त विकले गेले. २००८ मध्ये सोनीने आपल्या प्रसिद्ध ट्रिनिट्रॉन नळ्या बनवणे थांबवले. एकामागून एक काचभट्ट्या विझल्या. शेवटच्या मोठ्या भट्ट्यांपैकी एक आपल्या जवळच होती. व्हिडिओकॉनच्या गुजरातमधील भरूच येथील कारखान्यात अमेरिकेतून धुतलेली काच जहाजाने येत असे. काही वर्षांनी तीही वाट बंद झाली.

गोळा करण्याची यंत्रणा मात्र चालूच होती. लोक जुने संच देत होते, शुल्क जमत होते. मग काच गेली कोठे? बरीचशी गोदामांत. ओहायो राज्यातील कोलंबस शहरात एका कंपनीने शिसे काढण्याची भट्टी उभारणार असे सांगून पैसे घेऊन काच स्वीकारली. भट्टी कधी चाललीच नाही. २०१६ पर्यंत कंपनी गायब झाली आणि मागे ५० हजार टनांहून अधिक काच उरली. गोदामाच्या मालकांनी दावे लावले ते ज्यांनी काच पाठवली होती त्यांच्यावर, आणि त्यांत आपण योग्य जागी कचरा दिला असे समजणारेही होते. काही काच शिशाच्या भट्ट्यांत खपते. तेथे सिलिका मळी बांधायला उपयोगी पडते आणि शिसेही सुटे होते. पण अशी भट्टी काच घेण्याचे पैसे मागते, देत नाही.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये झाले आणि मे २०१२ पासून लागू झाले. उत्पादकाने आपल्या वस्तूची शेवटपर्यंत जबाबदारी घ्यावी हे तत्त्व त्यांत आले. स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी ते १९९० च्या सुमारास मांडले होते. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नव्या नियमांत पुनर्चक्रण करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळतात आणि उत्पादक ती विकत घेतात. प्रमाणपत्रे मिळतात ती सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंसाठी. शिशाची काच त्यांत नाही. ज्याचे पुनर्चक्रण होत नाही ते घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवावे असे नियम सांगतात, आणि महाराष्ट्रात तळोजा व रांजणगाव येथे अशी केंद्रे आहेतही. पण तेथवर काच नेण्याचा खर्च तिच्यातून निघत नाही. रस्त्याकडेला फुटलेल्या नरसाळ्यांचे ढीग दिसतात, त्यांचा उलगडा येथे होतो.

वर्षभरात हजार किंवा अधिक उपकरणे वापरणारी संस्थाच या नियमांत ‘मोठा ग्राहक’ ठरते, त्यामुळे बहुतेक शाळा त्या व्याख्येत बसत नाहीत. तरीही निर्लेखनाच्या ठरावात ‘नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रालाच द्यावे’ एवढे वाक्य घालता येते. मॉनिटर देताना तो अखंड द्यावा, तांब्यासाठी आधी उघडू देऊ नये, आणि पोचपावतीवर नगांची संख्या लिहून घ्यावी. प्रयोगशाळेत दाखवण्यासाठी म्हणून मागचे आवरण काढण्याचा मोह टाळावा: नळीत वीज साठून राहिलेली असू शकते, आणि मानेला धक्का लागला तर बाहेरच्या हवेच्या दाबाने नळी आत कोसळून काचा उडतात. उचलताना पडदा छातीकडे धरावा. मान बाहेरच्या बाजूला असावी आणि तिला हात लावू नये.