हजारामागचा हिशेब

तुमसर-मोहाडीकडं उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी आणि उरलेलं वर्षभर मांडीवर बिडीचं सूप. भंडारा जिल्ह्यातल्या (१९९९ पर्यंत गोंदियाही यातच होता) बायकांच्या कितीतरी पिढ्या या कामांवर जगल्या. पानं खुडणं, पऱ्हे रोवणं, बिड्या वळणं, सगळी कामं बोटांची. बिडीची मजुरी हजारावर ठरे, त्यामुळं कुणाचा हात कसा चालतो याची नोंद ठेकेदाराच्या वहीत आपोआप होई.

माझी माय दिवसाला हजार बिड्या वळायची. चाळिशीच्या आतच तिची बोटं पहाटे आखडू लागली; ऊन अंगणात उतरेपर्यंत मूठ मिटत नसे. हजाराच्या आठशे झाल्या, मग पाचशे. छाटही, म्हणजे ठेकेदारानं नाकारलेल्या बिड्याही, वाढली, कारण बिडीचं तोंड मिटवायला नखाचा नेमका दाब लागतो आणि सुजलेल्या बोटाला तो जमत नाही. दवाखान्यात ‘वात आहे’ म्हणून दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. वहीतला आकडा कुणी विचारला नाही. साठीच्या आत ती हृदयविकारानं गेली, आणि सांध्यांच्या दुखण्याचा हृदयाशी काही संबंध असेल हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

सांधे सुजवणाऱ्या आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, पुढं काय होणार हे ओळखायची धडपड मात्र फार जुनी. सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात आमवाताचं वेगळं प्रकरण आहे आणि तिथंच निवाडाही दिला आहे: एका दोषाचा बरा होतो, दोन दोषांचा औषधानं आवाक्यात राहतो, तिन्ही दोषांचा, अंगभर सूज हिंडवणारा, कष्टसाध्य. सूज किती पसरली यावरून पुढचं ताडायचं, हे आजही चालतं. डॉक्टर २८ सांधे तपासून रोगाचा जोर मोजतात. युरोपात १८०० साली लांद्रे-बोव्हे यांनी पॅरिसमध्ये या आजारावर प्रबंध लिहिला. विसाव्या शतकात रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर सापडला, एक्स-रे सर्रास झाले, आणि वैद्यांचं लक्ष माणसाकडून फिल्मकडं गेलं.

ते लक्ष परत माणसाकडं वळवलं एका साध्या प्रश्नावलीनं. १९८० मध्ये स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइझ यांनी रुग्णांना विचारलं: कपडे घालता येतात का, भरलेला पेला उचलता येतो का, नळ फिरवता येतो का? १९८४ मध्ये अमेरिकेतच थिओडोर पिंकस यांनी ७५ रुग्णांचा नऊ वर्षांचा प्रवास मांडला. गुंड्या लावायला किती वेळ लागतो, मुठीत जोर किती, चालायला किती वेळ लागतो, हेही त्यांनी मोजलं होतं. ज्यांच्या हातापायांचं काम बिघडलं होतं, ते लवकर दगावले. मृत्यू बहुधा हृदयविकारानं किंवा जंतुसंसर्गानं येतो, हेही पुढं पक्कं झालं. हे वाचलं तेव्हा मला ठेकेदाराची वही आठवली. मायच्या पाचशे बिड्या म्हणजे तिची गुंड्यांची परीक्षाच होती, आणि ती रोज होत होती.

दिल्लीच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये या प्रश्नावलीला भारतीय रूप दिलं. उकिडवं किंवा मांडी घालून बसता येतं का, ऑटोरिक्षात चढता-उतरता येतं का, असे प्रश्न त्यात आले. आमच्याकडं त्यात रोवणी आणि बिडीही घालायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाईला बाजारहाटाबद्दल विचारून तिचं खरं नुकसान कळणार नाही.

हे भाकीत बदलता येतं, हे सर्वांत मोलाचं. मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी १९८० च्या दशकात या रोगासाठी रुळली, आणि २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १२४० रुग्णांच्या अभ्यासात ती घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं. ती रक्ततपासणीवर लक्ष ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची असते, आणि सांधे वाकडे होण्याआधी सुरू झाली तर तिचा उपयोग जास्त.

म्हणून माझ्या जिल्ह्यातल्या बायांना सांगते: सकाळी तासभर बोटं आखडत असतील आणि हजाराच्या आठशे होत असतील, तर थांबू नका. नागपूरच्या मेडिकल कॉलेजला जा, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात, आणि डॉक्टरांना दुखणं सांगण्याआधी तो आकडा सांगा.