मानसिक ताण आणि हिरड्यांचे विकार

दीर्घकाळच्या मानसिक ताणाने हिरड्यांचा दाह आणि पायोरिया (दातांभोवतीच्या ऊतींचा व हाडाचा ऱ्हास) बळावू शकतो. विकाराचे मूळ दातांवरील जंतूंच्या थरात असते. ताण त्याला दोन वाटांनी हातभार लावतो. एकीकडे कॉर्टिसॉल संप्रेरक वाढून प्रतिकारशक्तीचा तोल ढळतो. दुसरीकडे दात घासण्यात हयगय होते, तंबाखूसेवन वाढते.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना हिरड्या सडण्याचा, वेदना, रक्तस्राव व दुर्गंधी असलेला तीव्र विकार होई. ‘ट्रेंच माउथ’ म्हणून तो ओळखला जातो. ताण, कुपोषण, धूम्रपान व अस्वच्छता त्याला पोषक ठरतात.

उपचार : ताणामुळे जखमा सावकाश भरतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात ११ दंतवैद्यक विद्यार्थ्यांच्या टाळूवर ३.५ मिमी. व्यासाची जखम एकदा सुट्टीत व एकदा परीक्षेच्या तोंडावर केली गेली. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. म्हणून दातांचे किटण काढण्यासोबतच रुग्णाची झोप, व्यसने व मनःस्थिती यांची विचारपूस, तसेच नियमित फेरतपासणी आवश्यक असते. ताण हलका झाला, तरी दंतस्वच्छतेला पर्याय नाही.