वेशीपर्यंतचा शिक्का

टेक्सारकाना हे गाव अमेरिकेतल्या दोन राज्यांत वाटलं गेलं आहे. गावाच्या मधून जाणाऱ्या रस्त्याचं नावच ‘स्टेट लाइन अ‍ॅव्हेन्यू’. रस्त्याच्या पश्चिमेला टेक्सास, पूर्वेला आर्कान्सा. पोस्ट आणि केंद्रीय न्यायालयाची इमारत तर बरोब्बर त्या रेषेवर बसवली आहे. प्रवासी तिच्यासमोर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढून घेतात. जकात नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा पाहिलेला मराठी माणूस इथे नाका शोधत बसेल. त्याला तो सापडणार नाही.

तरीही १९६७ च्या मांस कायद्याने या रस्त्याच्या मधोमध एक भिंत उभी केली. टेक्सास सरकारच्या इन्स्पेक्टरने तपासून पास केलेली सॉसेजं खाटकाने जवळजवळ तीनशे मैलांवरच्या ह्यूस्टनला पाठवली तर हरकत नव्हती. समोरच्या फुटपाथवरच्या दुकानदाराला विकली, की केंद्रीय कायदा मोडला. गंमत अशी, की राज्याची तपासणी केंद्राच्या तोडीची असलीच पाहिजे, असं तोच कायदा बजावत होता.

हा सगळा खेळ एका जांभळ्या शिक्क्याचा. सोललेल्या धडावर खाण्याच्या शाईने तो उमटवतात. केंद्राचा शिक्का गोल. त्यात ‘तपासलं आणि पास केलं’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं आणि कारखान्याचा नंबर. राज्यांचे शिक्के वेगवेगळे. ओहायोसारख्या राज्याचा तर स्वतःच्या नकाशाच्याच आकाराचा. म्हणजे मांसावरच लिहून ठेवलेलं, की तुझी धाव इथपर्यंत.

ही रेष मोठ्या कंपन्यांनी छोट्यांना कोंडायला आखली, असं अमेरिकेतले छोटे खाटीक हल्ली सांगतात. इतिहास मात्र उलट सुरू होतो. एके काळी ती रेष छोट्या खाटकांनीच आखून मागितली होती.

१८६५ च्या नाताळच्या दिवशी शिकागोचा ‘युनियन स्टॉक यार्ड’ हा प्रचंड गुरांचा बाजार सुरू झाला. तोवर गुरं जिवंतच रेल्वेने पूर्वेकडच्या शहरांत जात आणि तिथला खाटीक ती कापी. गुस्ताव्हस स्विफ्ट या व्यापाऱ्याला यात निव्वळ उधळपट्टी दिसली. कातडी, खूर, आतडी यांचं भाडं कशाला भरायचं? वाटेत गुरं वाळतात, मरतात, त्याचं काय? १८७८ च्या सुमारास त्याने अँड्र्यू चेस या इंजिनिअरकडून बर्फाचा रेल्वे डबा बनवून घेतला आणि गुरं शिकागोतच कापून नुसतं मांस पाठवायला लागला. गावोगावच्या खाटकांच्या तोंडचं पाणी पळालं. शिकागोचं मांस स्वस्त होतं आणि दिसायलाही वाईट नव्हतं.

खाटीक संघटित झाले. १८८६ मध्ये त्यांचा राष्ट्रीय संघ निघाला आणि त्यांनी राज्यांच्या विधिमंडळांकडे धाव घेतली. मिनेसोटाने १८८९ मध्ये केलेला कायदा वाचायला फार साळसूद आहे: ताजं मांस विकायचं असेल, तर जनावर कापण्याच्या आधी चोवीस तासांच्या आत मिनेसोटाच्याच इन्स्पेक्टरने ते जिवंत पाहिलेलं असावं. यात शिकागोचं नाव कुठे आहे? कुठेच नाही. पण शिकागोत उभं असलेलं जनावर मिनेसोटाचा इन्स्पेक्टर बघणार कसं? आरोग्याच्या नावाखाली घातलेलं ते कुंपण होतं. हेन्री बार्बर नावाच्या माणसाने इलिनॉयमध्ये कापलेल्या जनावराचं शंभर पौंड मांस विकलं आणि त्याला शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८९० मध्ये न्यायमूर्ती हार्लन यांनी तो कायदाच रद्द केला. एका राज्याला तपासणीच्या आडून दुसऱ्या राज्याचा माल अडवता येणार नाही, असा निकाल.

छोट्या खाटकाच्या हातून रेष गेली ती अशी. ती पुन्हा आली, तेव्हा वॉशिंग्टनच्या हातात होती.

वॉशिंग्टनला मांसाच्या तपासणीची पहिली चिंता स्वतःच्या माणसांच्या पोटाची नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. १८७९ पासून इटली, जर्मनी, फ्रान्स यांनी अमेरिकन डुकराच्या मांसात ट्रिकिनाचे जंत सापडतात म्हणून आयात बंद करायला सुरुवात केली. निर्यात बुडाली, तशी काँग्रेस हलली. १८९१ च्या कायद्याने निर्यातीच्या आणि परराज्यात जाणाऱ्या मांसासाठी गुरांची तपासणी आली. परदेशी पाठवायच्या डुकरांच्या मांसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाऊ लागले. ज्या खात्याकडे हे काम आलं, त्याचे पहिले प्रमुख डॅनियल सॅमन. साल्मोनेला या जंतूला मिळालेलं नाव त्यांचंच, जंतू शोधला मात्र त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथने.

१९०६ ची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. ती कामगारांच्या हालांवर होती, पण वाचकांना आठवत राहिले ते सॉसेजमधले उंदीर. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना सिंक्लेअरचा समाजवाद मुळीच पसंत नव्हता. त्यांनी चार्ल्स नील आणि जेम्स रेनॉल्ड्स या दोघांना शिकागोला धाडलं आणि त्यांच्या अहवालात घाण तशीच निघाली. ३० जून १९०६ रोजी कायद्यावर सही झाली.

खरं भांडण तपासणी हवी की नको यावर झालंच नाही. ते झालं पैसे कोणी द्यायचे यावर. सिनेटर बेव्हरिज म्हणत होते, प्रत्येक जनावरामागे कंपनीने शुल्क भरावं. कंपन्या म्हणाल्या, सरकारने भरावं. कंपन्या जिंकल्या, खजिन्यातून वर्षाला तीस लाख डॉलर मंजूर झाले. डब्यावर तारीख छापण्याचं कलमही गळालं. मोठ्या कंपन्यांना ही तपासणी मनातून हवीच होती, असं गॅब्रिएल कोल्को या इतिहासकाराने पुढे मांडलं, आणि त्यात तथ्य आहे. सरकारी खर्चाने सरकारी शिक्का मिळाला, तर युरोपची दारं उघडतात. अशी फुकटची जाहिरात कोण नाकारील?

कायदा मात्र राज्याची वेस ओलांडणाऱ्या मांसापुरताच. राज्यघटनेने काँग्रेसला आंतरराज्य व्यापारावरच अधिकार दिला होता. गावात कापून गावातच विकणारा खाटीक त्यातून सुटला. आता एक प्रश्न उरला: व्यापार ‘आंतरराज्य’ असतो तो नेमका कुठपर्यंत?

त्याचं सगळ्यात मजेदार उत्तर एका कोंबडीने दिलं. ब्रुकलिनमध्ये शेक्टर बंधूंचा कोशर कोंबड्यांचा घाऊक धंदा होता. रूझवेल्ट (हे दुसरे, फ्रँकलिन) यांच्या मंदीतल्या कायद्याखाली कोंबडीबाजाराची एक नियमावली झाली होती. तिच्यात एक नियम असा, की किरकोळ दुकानदाराने खुराड्यात हात घालून जी कोंबडी हाताला लागेल ती घ्यायची, चाचपून निवडायची नाही. शेक्टर गिऱ्हाइकाला निवडू देत. शिवाय खाण्यालायक नसलेली कोंबडी विकल्याचाही आरोप होता, म्हणून खटल्याला ‘आजारी कोंबडीचा खटला’ हेच नाव पडलं. सर्वोच्च न्यायालयात वकिलाने खुराड्यात हात कसा घालायचा हे समजावून सांगितलं, तेव्हा गंभीर न्यायमूर्तींना हसू आवरेना.

२७ मे १९३५ चा निकाल एकमताचा होता आणि त्याने तो सगळा कायदाच झोपवला. न्यूयॉर्कच्या बाजारातल्या ९६ टक्के कोंबड्या परराज्यांतून येत. न्यायालयाने ते मान्य केलं, पण एकदा का कोंबडी ब्रुकलिनच्या कत्तलखान्यात येऊन थांबली, की तिचा आंतरराज्य प्रवास संपला, असं ठरवलं. चाकूखाली आलेली कोंबडी स्थानिक झाली.

हे तत्त्व आठ वर्षंही टिकलं नाही. १९४२ मध्ये त्याच न्यायालयाने ओहायोच्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातल्या, स्वतःसाठी पिकवलेल्या गव्हावरही केंद्राचा अधिकार मान्य केला. आता काँग्रेसने मनात आणलं तर गल्लीतल्या खाटकालाही हात लावता येणार होता. मनात यायला पंचवीस वर्षं गेली. मधल्या काळात, १९५७ मध्ये, कोंबड्यांसाठी वेगळा तपासणी कायदा झाला.

साठच्या दशकात केंद्राच्या तपासणीतून निसटणारं मांस थोडं नव्हतं. धंद्यासाठी कापल्या जाणाऱ्या जनावरांपैकी सुमारे १५ टक्के आणि मांसाच्या तयार पदार्थांपैकी सुमारे २५ टक्के. राज्यांची तपासणी कुठे नाममात्र, कुठे शून्य. राल्फ नेडर यांनी रान उठवलं, आयोवाचे नील स्मिथ आणि मिनेसोटाचे वॉल्टर माँडेल यांनी काँग्रेसमध्ये लावून धरलं. १५ डिसेंबर १९६७ रोजी लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये ८९ वर्षांचे अप्टन सिंक्लेअर हजर होते. एवढं आयुष्य लाभून आपल्या कादंबरीचा दुसरा कायदा पाहणारा लेखक विरळाच.

या कायद्याने राज्यांपुढे दोन वाटा ठेवल्या. एक तर तपासणी केंद्राच्या तोडीची करा, निम्मा खर्च केंद्र देईल; नाही तर ती केंद्राकडे सोपवा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया यांनी पुढच्या दशकात ती सोडून दिली. विस्कॉन्सिन, ओहायो, टेक्सास यांनी राखली. पण तोडीची झाली तरी राज्याच्या शिक्क्याचा माल वेशीच्या आतच राहणार, हे कलम ठेवलं गेलं. त्या दिवशी त्याला कारण होतं. राज्यांवर भरवसा ठेवावा, असं राज्यांनी काही केलंच नव्हतं. कारण गेलं, कलम राहिलं. सरकारी कागदाचं असंच होतं. हे ओळखायला अमेरिकेला जायची गरज नाही.

मग विसंगती साचत गेल्या. हरीण, ससा, लावा यांना केंद्राची सक्तीची तपासणी नाही, म्हणून राज्याने तपासलेलं हरणाचं मांस खुशाल पलीकडे जाई. त्याच टेबलावर, त्याच इन्स्पेक्टरने पाहिलेलं गोमांस जाऊ शकत नसे. न्यूझीलंडची तपासणी वॉशिंग्टनने ‘समकक्ष’ मानली, म्हणून तिथलं मेंढ्याचं मांस बंदरातून उतरून पन्नासही राज्यांत विकलं जाई. विस्कॉन्सिनच्या मेंढ्याला शेजारचं मिनेसोटा बंद.

मग छोटे लोक सरळ केंद्राची तपासणी का घेत नाहीत? ती नेहमीच्या वेळेत फुकट असते. पैसे पडतात ते जादा वेळेचे आणि सुट्टीचे. अडचण दुसरीकडे आहे. मध्य-पश्चिमेतल्या गावांत खाटीकखान्याला अजून ‘लॉकर’ म्हणतात. घरात फ्रीझर नव्हते तेव्हा लोक तिथे थंड कपाट भाड्याने घेत, ते नाव चिकटलं. अशा लॉकरमध्ये चार-सहा माणसं. सोमवारी कापायचं, मग आठवडाभर तुकडे करायचे, धुरी द्यायची, नोव्हेंबरात शिकाऱ्यांची हरणं घ्यायची. कापण्याच्या दिवशी इन्स्पेक्टर दारात हवा. जनावर चालताना तो पाहतो. मग जबड्याखालच्या गाठी चिरतो, काळीज, फुप्फुसं, हृदय तपासतो आणि त्याने मान हलवल्याशिवाय धड पुढे सरकत नाही. राज्याचा इन्स्पेक्टर बहुधा त्याच भागातला, राज्याचं ऑफिस फोनवर भेटणारं. केंद्राची यंत्रणा दिवसाला हजारो गुरं कापणाऱ्या कारखान्यांच्या मापाने शिवलेली.

१९९३ मध्ये एका हॅम्बर्गर साखळीच्या अर्धकच्च्या मांसातून ई-कोलायने चार मुलांचा जीव घेतला. त्यानंतर १९९६ च्या नियमांनी प्रत्येक कारखान्याला धोक्याच्या टप्प्यांचा लेखी आराखडा आणि रोजच्या नोंदी सक्तीच्या केल्या. दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यांना जानेवारी २००० पर्यंत मुदत होती. राज्याच्या शिक्क्याखालच्यांनाही हे चुकलं नाही. छोट्या खाटकांनी कुरकुर करत वह्या भरल्या आणि वेस तिथेच राहिली.

२००८ च्या कृषी कायद्याने तिच्यात एक खिडकी पाडली. पंचवीसपर्यंत माणसं असलेल्या कारखान्यांना, राज्य तयार असेल तर, राज्याच्याच इन्स्पेक्टरकडून केंद्राचा गोल शिक्का मारून घेता येईल. केंद्र खर्चाचे ५० ऐवजी ६० टक्के देईल. नियम पक्के व्हायला २०११ उजाडलं आणि ऑगस्ट २०१२ मध्ये ओहायो पहिलं राज्य ठरलं. उत्तर डकोटा, विस्कॉन्सिन, इंडियाना मागोमाग आली. निवड झालेल्या कारखान्यात इन्स्पेक्टर तोच, सुरीही तीच. धडावरचा राज्याचा नकाशा जाऊन तिथे वर्तुळ उमटतं आणि ट्रक पलीकडे जातो.

२०२० च्या एप्रिलमध्ये करोनाने मोठे कारखाने एकेक करून बंद पाडले. सू फॉल्सचा डुकराच्या मांसाचा अवाढव्य कारखाना त्यात होता. शेतकऱ्यांकडे डुकरं वाढत होती आणि शहरांतल्या दुकानांची फडताळं रिकामी होत होती. सगळ्यांना गावातला लॉकर आठवला. तिथे तर जागाच नव्हती. वर्षभराच्या तारखा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी सरकारने जादा वेळेच्या तपासणीचं शुल्क छोट्यांसाठी ३० टक्क्यांनी आणि अगदी छोट्यांसाठी ७५ टक्क्यांनी कमी केलं. तोवर गुरं पाळणारे शहाणे झाले होते. गाय गाभण राहिली, की ते लॉकरला फोन करून अजून न जन्मलेल्या वासराच्या नावाने कापायची तारीख लिहून घेत होते.