दारावरचे समन्स

मुंबईचे शेरीफ म्हटले की आज आपल्याला एक वर्षाचे मानाचे पद आठवते. समारंभ, हारतुरे, पाहुण्यांचे स्वागत. पण मंडळी, हे पद आले ते कोर्टाचे कागद पोचवायला. १७२६ च्या सनदेने मुंबईला मेयर्स कोर्ट मिळाले आणि त्याच्याबरोबर शेरीफ आला. कोर्टाचा हुकूम माणसापर्यंत न्यायचा, वेळ पडली तर माणूसच कोर्टापर्यंत आणायचा, हे त्याचे काम. पुढे कोर्टे बदलत गेली, १८६२ ला हायकोर्ट झाले, शेरीफ राहिला. वणवण करायचा अर्थातच बेलीफ. (मोफुसलात शेरीफ नाही, तिथे बेलीफ नाझराच्या हाताखाली.)

आता बेलीफ दारात उभा आहे असे समजा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत याचे नियम आहेत. प्रतिवादीच्या हातात समन्स द्यायचे, सही घ्यायची. तो सापडला नाही, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाकडे द्यायचे. पुरुषाकडे, बरं का! नोकर चालत नाही, तो कुटुंबात धरलेला नाही. आणि बायको, आई, सून? कुटुंबातल्याच, पण पुरुष नव्हेत. म्हणून त्याही चालत नाहीत.

गिरगावातली चाळ डोळ्यांसमोर आणा. दुपारची वेळ, पुरुष गिरणीत नाहीतर पेढीवर. घरात आहेत त्या बायका. भाडे त्यांना पाठ, वाण्याची उधारी त्यांना ठाऊक, पण नवऱ्याच्या नावचा कागद त्यांच्या हाती देता येत नाही. मग बेलीफाने पुन्हा यायचे, रीतसर शोध घ्यायचा. तरी माणूस सापडला नाही तर नक्कल बाहेरच्या दारावर डकवायची. घर कोणी दाखवले, कोणासमक्ष डकवले, हे नावपत्त्यासह अहवालात लिहायचे. आत शहाणीसुरती बाई बसलेली, आणि कायद्याचा भरवसा दारावर!

हा नुसता गमतीचा भाग नाही. बजावणी झाली असे कोर्टाने मानले आणि प्रतिवादी आला नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. खोली जाते, जप्ती येते. मग तो माणूस धावत येतो, म्हणतो, साहेब, मला कागदच मिळाला नाही. तेव्हा सगळा खेळ बेलीफाच्या त्या चार ओळींवर.

१९७६ च्या दुरुस्तीने ‘पुरुष’ गेला आणि ‘स्त्री असो वा पुरुष’ असे शब्द आले. ती लागू झाली १ फेब्रुवारी १९७७ ला, म्हणजे स्वराज्य मिळून जवळपास तीस वर्षांनी. माझ्या मते हा उशीर अक्षम्य होता. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. बजावणीत नुसती तांत्रिक चूक असेल, पण प्रतिवादीला तारीख कळली होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता, तर तेवढ्या चुकीवर एकतर्फी हुकूमनामा रद्द होत नाही. म्हणजे आता पहिला प्रश्न असा येतो, की घरच्यांनी संध्याकाळी तुम्हाला सांगितले होते की नाही?