वैभवप्रदर्शन, बहुस्तरीय विपणनातील

माल दुकानांऐवजी सदस्यांमार्फत विकायचा आणि प्रत्येक सदस्याला स्वतःच्या विक्रीबरोबरच त्याने आणलेल्या, तसेच त्यांनी पुढे आणलेल्या सदस्यांच्या खरेदीवरही कमिशन द्यायचे, या पद्धतीला बहुस्तरीय विपणन म्हणतात. बोलण्यात ते ‘नेटवर्क मार्केटिंग’ किंवा ‘एमएलएम’ या नावाने ओळखले जाते. या व्यवसायात भरती करणारी व्यक्ती आपल्या कमाईचा हिशेब मांडण्याऐवजी महागडी गाडी, बंगला, परदेशवारी, नोटांची चळत किंवा मोठ्या आकड्याचा धनादेश पुढे करते आणि हे सारे याच धंद्यातून आले, असे उघडपणे किंवा सूचकतेने पटवते, तेव्हा ते दिशाभूल करणारे वैभवप्रदर्शन ठरते. दाखवलेली वस्तू खोटी असावीच लागते असे नाही. गाडी खरी असते, पण ती कोणाची आहे, कोणत्या पैशातून आली आहे आणि समोरच्याला तशी मिळण्याची शक्यता किती, या तीन प्रश्नांची चुकीची उत्तरे पाहणाऱ्याच्या मनात तयार होतात, आणि फसवणूक तेथे असते.

साबण, प्रथिनांची भुकटी किंवा प्रसाधने विकण्यासाठी इतक्या भपक्याची गरज नसते. तो लागतो, कारण भरतीच्या सभेत विकला जाणारा खरा माल उत्पन्नाची संधी हा असतो, आणि संधी हातात घेऊन तपासता येत नाही. आधी आलेल्या सदस्याचे, म्हणजे ‘अपलाईन’चे, हिशेब नवख्याला पाहायला मिळत नाहीत, म्हणून जे दिसते त्यावरून तो न दिसणाऱ्या कमाईचा अंदाज बांधतो. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. माणूस खर्च करतो तो पुष्कळदा उपयोगासाठी नव्हे, तर प्रतिष्ठा दाखवण्यासाठी, असे त्याचे म्हणणे होते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला संकेताचा सिद्धान्त याला पुढची जोड देतो: एखादी खूण विश्वासार्ह तेव्हाच असते, जेव्हा ती मिळवणे अपात्र माणसाला परवडत नाही. एका पिढीपूर्वी मोटारगाडी ही अशी खूण होती. दिवसाच्या भाड्यावर, दोन वर्षांच्या भाडेकरारावर किंवा मासिक हप्त्यावर गाडी मिळू लागल्यावर तिची खूण म्हणून किंमत घसरली, मात्र पाहणाऱ्याच्या मनातला जुना हिशेब तसाच राहिला. बहुस्तरीय विपणनातील वैभवप्रदर्शन या दोहोंमधल्या अंतरावर जगते.

या तंत्राचे सर्वांत तपशीलवार न्यायालयीन वर्णन ग्लेन टर्नर या अमेरिकी उद्योजकाच्या प्रकरणात सापडते. दक्षिण कॅरोलायनातील एका गरीब खंडकऱ्याचा हा मुलगा. त्याने १९६७ मध्ये फ्लोरिडात ‘कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी’ ही प्रसाधनांची कंपनी काढली आणि पुढे ‘डेअर टु बी ग्रेट’ नावाचे आत्मविकासाचे पाठ विकण्यास सुरुवात केली. पाठ विकत घेणाऱ्याला ते इतरांना विकवून देण्याचा हक्क मिळे आणि नव्या ग्राहकाने भरलेल्या रकमेचा वाटा त्याच्या पदरात पडे. १९७३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने या योजनेविरुद्ध निर्णय देताना तिच्या सभांचे वर्णन केले आहे: सभांमधले वातावरण धार्मिक उन्मादाच्या जवळ जाणारे असे, चालक किमती कपडे, दागिने आणि रोख पैसा यांचे भडक प्रदर्शन करीत, आणि त्या भरात पाहुण्याने करारावर सही करावी असा त्यामागे हेतू असे. सर्वांत लक्षणीय भाग नव्या सदस्यांना दिल्या जाणाऱ्या शिकवणीचा आहे. श्रीमंती येईपर्यंत ती आल्याचे सोंग करा, असे त्यांना सांगितले जाई; म्हणजे सोंग हा एखाद्या उतावळ्या विक्रेत्याचा वैयक्तिक दोष नव्हता, तर अभ्यासक्रमाचा भाग होता. १९७५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कॉस्कॉट प्रकरणात पिरॅमिड योजनेची जी कसोटी घालून दिली, ती आजही वापरली जाते: पैसे भरून सदस्याला मालविक्रीचा हक्क मिळतो आणि त्याबरोबर, अंतिम ग्राहकाला होणाऱ्या विक्रीशी संबंध नसलेला, भरतीचा मोबदलाही मिळतो, तेव्हा ती योजना पिरॅमिड असते.

टर्नरनंतर सोंगाची साधने बदलली, रचना बदलली नाही. गाडीचे स्थान त्यात कायम पहिले राहिले आहे. मेरी के या प्रसाधन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या सर्वोच्च विक्रेत्या महिलांना गुलाबी कॅडिलॅक देण्यास आरंभ केला आणि ही गाडी या व्यवसायाचे बोधचिन्हच बनली, जरी अशा बक्षिसाच्या गाड्या बहुधा भाडेकराराने मिळतात आणि सदस्याची उलाढाल घसरली तर त्यांचा भार त्याच्या अंगावर येऊ शकतो. ‘वेम्मा’ या पेय विकणाऱ्या कंपनीने महाविद्यालयीन तरुणांना लक्ष्य केले. आलिशान गाड्या, खासगी विमाने आणि नौका यांसोबतचे तरुण चेहरे तिच्या प्रचारात होते, आणि २०१५ मध्ये संघीय व्यापार आयोगाने तिच्यावर खटला भरला. २०१६ मध्ये हर्बालाइफ या याच व्यवसायातल्या कंपनीने त्याच आयोगाशी तडजोड करून २० कोटी डॉलर भरले. नोकरी सोडता येईल, ऐषारामात राहता येईल अशी चित्रे रंगवण्यावर त्या आदेशाने बंधन घातले. धनादेशाचे प्रदर्शन याहून सूक्ष्म असते. व्यासपीठावर दाखवला जाणारा भलामोठा नमुना धनादेश अनेकदा वर्षानुवर्षांची एकत्र बेरीज असतो किंवा खर्च वजा न केलेली ढोबळ रक्कम असते. पाहणारा ती मासिक पगारासारखी वाचतो आणि त्याचा हा गैरसमज दूर करण्यात कोणालाही रस नसतो.

प्रदर्शनाच्या मागे गेल्यावर काय दिसते, याची सर्वांत बोलकी नोंद विस्कॉन्सिन राज्यातली आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने ॲमवे या बहुस्तरीय विपणन कंपनीच्या तेथील वरच्या फळीतल्या वितरकांची, म्हणजे सुमारे एक टक्का यशस्वी समजल्या जाणाऱ्यांची, आयकर विवरणे तपासली, तेव्हा व्यवसायखर्च वजा जाता त्यांचे वार्षिक उत्पन्न सरासरी उणे ९१८ डॉलर निघाले. बडा घर पोकळ वासा ही म्हण येथे आकड्यांत उतरली. संघीय व्यापार आयोगाच्या अधिकाऱ्यांनी २०२४ मध्ये ७० कंपन्यांची उत्पन्नविषयक निवेदने अभ्यासली. त्यांतील बहुतेकांमध्ये बहुसंख्य सदस्यांची कमाई वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी होती, आणि तीही बहुतांशी खर्च वजा न करता. यामागचे गणित साधे आहे. प्रत्येकाने फक्त सहा माणसे आणायची ठरवली, तर तेराव्या पायरीवर १,३०० कोटींहून अधिक माणसे लागतात, जी पृथ्वीवर नाहीत. आणि साखळी कोठेही थांबली तरी त्या क्षणी सहापैकी सुमारे पाच सदस्य तळाच्या, म्हणजे कोणालाही न आणलेल्यांच्या, पायरीवर असतात. व्यासपीठावर मात्र तळातला सदस्य कधी येत नाही. यशस्वी तेवढे दिसतात आणि गळालेले मोजलेच जात नाहीत, या निवडीमुळे प्रत्येक वक्ता खरे बोलला तरी सभेचे एकूण म्हणणे खोटे ठरते.

वरच्या काही मोजक्यांची श्रीमंती खरी असते, हे नाकारता येत नाही. तिचा उगम मात्र पुष्कळदा वेगळा असतो. प्रेरणादायी ध्वनिफिती, पुस्तके आणि मेळाव्यांची तिकिटे यांच्या विक्रीतून मोठ्या ‘लीडर’ मंडळींना स्वतंत्र उत्पन्न मिळते, आणि हा माल विकत घेणारे बहुधा त्यांचीच ‘डाउनलाईन’, म्हणजे त्यांच्याखाली जोडलेली माणसे असतात. ॲमवेचाच भाग असलेल्या क्विक्स्टारविरुद्ध अमेरिकेत दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात या साहित्याच्या विक्रीवर आक्षेप होता. २०१० मध्ये ३.४ कोटी डॉलर रोख आणि २.२ कोटी डॉलरचा माल देण्याच्या बोलीवर तो मिटवण्यात आला. ज्या बंगल्याकडे बोट दाखवून साबण विकण्याचा सल्ला दिला जातो, तो बंगला साबणावर नव्हे तर सल्ल्याच्या विक्रीवर उभा असू शकतो, हा या प्रकरणाचा अर्थ.

खालच्या पायऱ्यांवर प्रदर्शन करणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच फसलेला असतो, आणि या विषयावरील लोकप्रिय लेखनात ही बाजू फार कमी येते. सूट शिवणे, महाग फोन हप्त्याने घेणे, मेळाव्याच्या प्रवासाचा खर्च सोसणे आणि हुद्दा टिकवण्यासाठी स्वतःच माल विकत घेऊन घरात साठवणे, हे सारे त्याच्या खिशातून जाते. ज्याला सभेत गुंतवणूक म्हटले जाते, ते त्याच्या घरी कर्ज असते. सोंग मोडले तर डाउनलाईन तुटेल, म्हणून तो तोटा लपवतो. आणि डाउनलाईनमध्ये भाऊ, मेहुणा, वर्गमित्र, गाववाले असल्यामुळे तो नंतरही तक्रार करत नाही. ऋण काढून सण करण्याची प्रवृत्ती जुनीच आहे, पण तिला विक्रीचे साधन बनवण्याचे काम या व्यवसायाने केले.

भारतात या पद्धतीचा विस्तार १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. ॲमवेने येथे १९९८ मध्ये विक्री सुरू केली. जिल्ह्याच्या ठिकाणी हॉटेलचा हॉल, कोट-टाय घातलेले तरुण वक्ते, टाळ्यांच्या गजरात हुद्द्यांची घोषणा आणि पडद्यावर परदेशी समुद्रकिनारे, असे या सभांचे स्वरूप महाराष्ट्रातही परिचित आहे. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने ॲमवे इंडियाची ७५७.७७ कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली, तेव्हा आपल्या निवेदनात प्रवर्तकांचे भव्य मेळावे आणि ऐषारामी राहणीचे समाजमाध्यमांवरील प्रदर्शन यांचा लोकांना ओढण्याची साधने म्हणून स्पष्ट उल्लेख केला. कंपनीने आपण तपासाला सहकार्य करीत असल्याचे सांगितले. ‘वनकॉइन’ या कथित आभासी चलनाची विक्रीही बहुस्तरीय साखळीतून होत असे. त्याच्या संस्थापक रुजा इग्नाटोव्हा जून २०१६ मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनात हिरे आणि उंची पोशाखात आतषबाजीसह व्यासपीठावर आल्या. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी याच योजनेच्या भरतीसभेवर कारवाई करून १८ जणांना अटक केली, आणि ऑक्टोबर २०१७ पासून इग्नाटोव्हा बेपत्ता आहेत.

भारतात कायद्याची चौकट तीन टप्प्यांत उभी राहिली. १९७८ च्या कायद्याने बक्षीस चिठ्ठ्या आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घातली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी, पडताळता न येणारी विधाने आणि पूर्ण न होणारी आश्वासने संभाव्य विक्रेत्याला देण्यास मनाई केली. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले आणि पिरॅमिड योजनांना प्रतिबंध झाला. ही बंधने प्रामुख्याने विधानांवर आहेत, आणि गाडीशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र हे विधान आहे की नाही, यावर वाद घालता येतो. सदस्यांची पायरीनिहाय सरासरी कमाई जाहीर करण्याची सक्ती २०२१ च्या नियमांत नाही.

असे असले तरी खऱ्या कमाईची नोंद अस्तित्वात असते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या १९४-एच या कलमाने ठरावीक मर्यादेपुढील कमिशनवर उगमस्थानी करकपात बंधनकारक केली; जुलै २०२२ पासून लागू झालेल्या १९४-आर या कलमाने, धंद्याच्या ओघात मिळणाऱ्या गाडी किंवा परदेशवारीसारख्या वार्षिक २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या लाभांनाही तीच तरतूद लावली. या कपातीच्या नोंदी करदात्याच्या ‘२६ एएस’ या विवरणात उमटतात आणि ते विवरण त्याला आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. सभेत ‘प्लॅन’ मांडणाऱ्याकडे गाडीच्या छायाचित्राऐवजी हे एक विवरण आणि त्याच वर्षाच्या खर्चाचा हिशेब मागणे, ही नव्या माणसाला उपलब्ध असलेली सर्वांत स्वस्त आणि भरवशाची पडताळणी होय.